सुनेसाठी एक धड पुस्तक

प्रिय चिठ्ठी हिला डिंकीचा मनापासून नमस्कार, आणि जवळ असतीस तर एक चिमटासुद्धा.

तुझं पत्र हातात आलं आणि आधी आठवली ती शाळेच्या लायब्ररीतली दुपार. आपण दोघी खाली फरशीवर बसून नव्या पुस्तकांत तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो. डिंकाची बाटली माझ्या ताब्यात, चिठ्ठ्यांचा गठ्ठा तुझ्या. मी ब्रश फिरवायचा, तू चिठ्ठी दाबायची; आणि दाबता दाबता तू पुस्तकावरच गाल टेकून झोपलीस. लायब्ररी बघणाऱ्या सिस्टर आल्या तशी दचकून उठलीस ती गालावर चिठ्ठी घेऊनच. सिस्टरांनी चष्म्यावरून तुला नीट न्याहाळलं आणि जराही न हसता विचारलं, "हिला कोण घरी नेणार आहे? पंधरा दिवसांत परत आणून द्या म्हणावं." त्या दिवसापासून तू चिठ्ठी आणि मी डिंकी. आपली खरी नावं आता फक्त बँकेला ठाऊक आहेत.

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन उरकलंस, की अजून "थंडी संपू दे" चाललंय? तुझे यजमान बरे ना? तुमचं ते जेवणाचं टेबल अजून डुगडुगतं का? (गेल्या खेपेला माझा अर्धा चहा त्याने प्यायला होता.) माझा खुबा ठीक आहे. जिना चढताना कुरकुरतो, पण कुरकुरणं हा आता आम्हा दोघांचाही स्वभाव झालाय.

पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून एक ओळ लिहिलीस: 'नात सॉफ्टवेअर शिकायला लागली आहे, तू जन्मभर लायब्ररीत होतीस, तिच्यासाठी दोन-चार चांगली पुस्तकं सुचव ना.' सहज! अगं, ती ओळ वाचली आणि मी पत्र टेबलावर पालथं घालून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. गेले दोन महिने मी याच एका प्रश्नामागे धावून म्हातारी झालेय (आधी होते त्याहूनही). उत्तराला उशीर झाला तो त्यामुळेच. आता नीट बैस, पाठीला उशी घे, आणि कृपा करून झोपू नकोस.

आमची सूनबाई तुला माहीत आहे. लग्नाआधीपासून ती या सॉफ्टवेअरच्या कामात होती, आणि चांगली होती. हे मला तिने नाही सांगितलं, तिच्या ऑफिसातल्या साहेबीणबाई लग्नात माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "हिला फार दिवस घरी बसवू नका हं." मी म्हटलं, छे छे, भलतंच काय! मग नात झाली. नात शाळेत जायला लागली, सूनबाईने ऑफिसचे कपडे बाहेर काढून इस्त्रीला दिले, आणि त्याच आठवड्यात मी न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घेतला. पोटच्या मुलीने केलं नसतं ते या पोरीने केलं. मला उठवलं, बसवलं, हाताला धरून चालवलं, आणि माझ्या प्रत्येक कुरकुरीला "हो आई" म्हटलं. मी काठी सोडून चालायला लागले तोवर तिकडे तिच्या कामाचं जगच पालटलेलं. तिच्या वेळची साधनं म्हणे आता कुणी हातात धरत नाही. (आमच्या लायब्ररीचा टाइपरायटर तुला आठवतोय ना? माझी सगळी नोकरी त्या एकट्यावर झाली. रिबन बदलली की नवा.)

आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच साहेबीणबाईंचा फोन. त्यांनी आता स्वतःचं ऑफिस थाटलंय. जागा आहे, ये म्हणाल्या, पण ओळखीवर घेता यायचं नाही, सगळ्यांसारखीच परीक्षा द्यावी लागेल. एक पूर्ण दिवस तिथे बसून, हल्ली चालतं ते नवं साधन वापरून, त्यांच्या माणसांसमोर एक काम करून दाखवायचं. सूनबाईने फोन ठेवला आणि भांडी घासायला गेली. बराच वेळ घासत होती. भांडी घासलेलीच होती गं.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. माझ्या हाडापायी तिचं ऑफिस गेलं होतं, ते माझ्या हातून परत यायला हवं. बाकी मला काही येत नसेल, पण कुठल्या प्रश्नाला कुठलं पुस्तक हे शोधून देण्यात तर माझं आयुष्य गेलंय. संदर्भ विभागात लोक काय काय विचारत यायचे! गोगलगाईला दात असतात का, जहाजाचा नांगर किती जड असतो, मृत मनुष्याला नोटीस पाठवता येते का. एकाही माणसाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. म्हटलं, एक सॉफ्टवेअरचं पुस्तक ते काय! सूनबाईला म्हटलं, "तू फक्त वाच. शोधायचं माझ्याकडे."

हेच ते वाक्य. यापुढचं सगळं त्या वाक्यामुळे झालं.

आधी घरच्या विद्वानाला गाठलं. आमचे चिरंजीव दातांचे डॉक्टर. "बघतो," म्हणाले. बघितलं कसं, तर पेशंटच्या तोंडात कापूस भरून झाला की विचारायचं, "आपण सॉफ्टवेअरमध्ये का? शिकायला चांगलं काय हो?" तो बिचारा "आँ... आँ..." करणार, हे "असं का, बरं बरं" म्हणून ड्रिल चालू करणार. त्यातल्या एकाने सुटका झाल्यावर घरी जाऊन पन्नासेक लिंकांची यादी पाठवून दिली. मला तर भरून आलं, केवढा सज्जन माणूस! सूनबाई म्हणाली, "आई, ही यादी सगळ्यांकडे असते. वाचत कुणी नाही, नुसती पुढे पाठवतात." तरी मी हट्टाने एकेक लिंक उघडली. निम्म्या ठिकाणी दुकान बंद. उरलेल्या ठिकाणी आणखी याद्या.

त्या याद्यांनी माझं डोकं उठवलं बघ. 'शिकण्यासाठी सर्वोत्तम दहा ठिकाणं' असा लेख असतो. त्यातलं पहिलं ठिकाण उघडावं तर तिथे 'सर्वोत्तम पंधरा'. त्यातलं एक उघडावं तर आपण फिरून पहिल्याच लेखावर. आमच्या लायब्ररीतल्या कार्डांच्या कपाटात 'हेही पाहा' अशी कार्डं असायची, आठवतं? अंजीर, हेही पाहा फळझाडं. पण फळझाडांच्या कार्डावर 'हेही पाहा अंजीर' एवढंच लिहून मी घरी गेले असते तर मला दुसऱ्या दिवशी आत घेतलं असतं का? शिवाय कुठल्याच लेखावर तारीख नाही. चिठ्ठी, तारीख नाही! आपण लहानपणी गालाला चिकटेस्तोवर तारखा लावल्या, आणि या शिकलेल्या लोकांना आपण हे कधी लिहिलं ते सांगायची लाज वाटते. मग मी खालच्या प्रतिक्रिया वाचून अंदाज बांधायचे. 'याचा आता काही उपयोग नाही' असं कुणीतरी लिहिलेलं सापडलं की कळायचं, लेख जुना.

धाकट्या भावजींना बातमी लागली. (तेच गं, वीजखात्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून नातेवाइकांकडचे फ्यूज मोफत बिघडवून देतात.) ते माळ्यावरून एक ठोकळा काढून घेऊन आले. "वहिनी, पाया पक्का पाहिजे! हल्लीच्या पोरांना पानं उलटायला नकोत." मी चाळून बघितलं. कार्डांना भोकं पाडून ती यंत्राला कशी भरवायची, याचंच त्यात शंभर पानं वर्णन.

"अहो भावजी, हे यंत्र आता म्यूझियममध्ये असतं."

"मग? म्यूझियममध्ये काय वाईट वस्तू ठेवतात?"

सूनबाईने तो ठोकळा दोन्ही हातांनी घेतला, "काका, मी अगदी जपून ठेवते" म्हणाली. सून कधी खोटं बोलत नाही. जपूनच ठेवलाय.

मग व्हिडिओ. एक चुणचुणीत पोरगा आहे, तो हे नवं साधन 'शून्यापासून' शिकवतो. आधी घंटी दाबा म्हणतो, मग त्याने घेतलेली नवी खुर्ची दाखवतो, मग मागच्या भागात काय झालं ते सांगतो आणि पुढच्या भागात काय होणार ते सांगतो. या भागात काय झालं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सूनबाईला कामाचं आणि टाकाऊ वेगळं काढून द्यायचं म्हणून मी त्याचे सगळे भाग पाहिले. पुढे पुढे पोरगा वाळत गेला, डोळ्यांखाली काळं आलं, मी काळजीत पडले. आणि ऐन मध्यावर, जिथे खरं अवघड सुरू होतं तिथे, 'मित्रांनो, मला नोकरी लागली' म्हणून हा निघून गेला! पुढचे भाग नाहीतच. आनंद झाला गं त्याच्यासाठी, नाही असं नाही; पण वर्ग भरलेला असताना?

आणि प्रश्नोत्तरांच्या जागा. कुणीतरी आपलं अडलेलं मांडतो, अगदी सूनबाईचं जे अडलंय तेच. खाली दहा जण 'माझंही हेच', 'माझंही', 'कुणाला उत्तर मिळालं का?' अकरावा येऊन विचारणाऱ्यालाच झापतो, हे आधी विचारून झालंय, शोधून बघा. आणि सगळ्यात खाली त्या पहिल्या माणसाचेच दोन शब्द: 'सुटलं. आभार.' कसं सुटलं? कुणाचे आभार? एक अक्षर नाही! असा वाचक माझ्या टेबलाशी आला असता तर मी त्याचं कार्ड काढून घेतलं असतं.

शेवटी चिरंजीवांनी माझ्या मोबाइलवर ते उत्तरं देणारं यंत्र लावून दिलं. मी प्रश्न टाकला. ते म्हणालं, फारच सुंदर प्रश्न विचारलात. (मी एवढी वर्षं टेबलाशी बसले, गोगलगाईच्या दातांबद्दल विचारणाऱ्यालाही असं तोंडावर फसवलं नाही.) आणि त्याने तीन पुस्तकं सांगितली, लेखक, प्रकाशक, साल, पानं, सगळं सगळं. मी हरखले. म्हटलं, हा आपल्या जातकुळीतला. जुन्या लायब्ररीत फोन केला. माझ्या खुर्चीत आता बसते त्या मुलीने दिवसभर शोधलं, दुसऱ्या लायब्रऱ्यांना विचारलं, संध्याकाळी दमून म्हणाली, "मॅडम, असं पुस्तकच नाहीये. कुणी लिहिलेलंच नाहीये." मी यंत्राला जाब विचारला. ते म्हणालं, आपलं अगदी बरोबर आहे, क्षमा असावी, त्याऐवजी हे पाहा; आणि चौथं पुस्तक सांगितलं. तेही नाही. अगं, खोटं बोलणारे वाचक मी पुष्कळ पाहिलेत, पुस्तक पावसात भिजलं म्हणणारे, चोरीला गेलं म्हणणारे. पण इतक्या अदबीने थापा मारणारा पहिलाच.

मी टेकीला आले होते तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचा घुम्या जिन्यात भेटला. हाही त्याच कामातला, घरूनच काम करतो, आणि बोलणं त्याला आवडत नाही. मी त्याला कठड्याशी अडवलं. म्हटलं, बाबा रे, लोक काय सुचवतात ते नको सांगूस. काम करताना तू स्वतः काय उघडून बसतोस ते सांग. (हा संदर्भ विभागातला जुना कावा. पुस्तकाची स्तुती कोण करतं ते बघायचं नसतं, कुठल्या पुस्तकाची पानं मळलीत ते बघायचं असतं.) तो म्हणाला, "डॉक्स." मी कठडा सोडला नाही. तेव्हा निरुपायाने पुढे म्हणाला, "ज्यांनी साधन बनवलं त्यांनीच लिहून ठेवलेली माहिती असते, काकू. फुकट असते. अडलं की आम्ही तीच बघतो. बाकी सगळं तीच वाचून केलेलं." एवढं बोलून त्याला धाप लागली असावी.

चिठ्ठी, मला रडू यायचं बाकी राहिलं. म्हणजे पुस्तक होतं! मूळ, अस्सल, अनुक्रमणिका असलेलं! आता यावर तुझ्या या मैत्रिणीने काय करावं? कुठलाही शहाणा माणूस त्याची लिंक सुनेला पाठवून चहा प्यायला असता. मी ते सगळंच्या सगळं छापून घेतलं. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "काकू, कोर्टात केस आहे का मोठी?" आमच्या लायब्ररीच्या बाइंडरला शोधून काढलं, तो आता घरीच असतो, माझ्यासाठी त्याने पुस्तकं दाबायचा शिकंजा पुन्हा तेल घालून चालू केला. तीन खंड झाले. कापडी पुठ्ठा, वर खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर लेबलं. लेबलांचा डिंक मी लावला, दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. आणि पंधरवड्याने ते खंड मी सूनबाईसमोर असे मांडले, असे मांडले, की मुंजीत... जाऊ दे, कशातच इतकं थाटात काही मांडलं नव्हतं.

तिने पहिला खंड उघडला. दोन पानं उलटली. मग लॅपटॉपकडे बघितलं, मग परत खंडाकडे. आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली, "आई, याची नवी आवृत्ती आली. परवाच."

बाइंडरकडे डिंक वाळत होता, तेवढ्यात!

मी म्हटलं, नवीन छापून आणते. तेव्हा ती म्हणाली, "आई, रागावू नका. पण आता मला काही शोधून देऊ नका ना." आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही, अलगद लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तुला सांगते, खुबा मोडला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात शाळेत गेल्यावर ती टेबलाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मी बाईंना फोन करून नाही सांगते. एक वाचायला घेतलं की दुसरं राहिलंय असं वाटतं. दुसरं उघडलं की तिसरं. दिवस संपतो आणि मी काहीच वाचलेलं नसतं. आई, मला नाही जमायचं आता." लॅपटॉप उघडाच होता. वर इतक्या खिडक्या उघडलेल्या, की नावं दिसेनात, नुसती दातांसारखी रांग. आणि त्यातल्या बहुतेक माझ्याच, मीच शोधून दिलेल्या!

आणि चिठ्ठी, तेव्हा मला सिस्टर आठवल्या. कार्डावर एका वेळी एकच पुस्तक. (तू पिनाफोरखाली दुसरं लपवून नेताना जिन्यात पडलीस, ते सोड.) ते परत करायला गेलं की टेबलासमोर उभं राहून त्यात काय आहे ते सांगायचं, आणि हनुवटीखाली हात घेऊन सिस्टर विचारायच्या, "म्हणजे काय?" आपण सांगितलं की पुन्हा, "म्हणजे काय?" किती राग यायचा! मोठी होऊन मी स्वतः टेबलामागे बसले तेव्हा कळलं, त्यातली निम्मी पुस्तकं सिस्टरांनी उघडलीही नसणार. त्यांना खरंच माहीत नसायचं. पण त्यांना सांगता सांगता आपल्याला यायला लागायचं.

मी सूनबाईला म्हटलं, फोन उद्या कर. आज हे सगळं बंद कर आणि एक पान उघड. त्या डॉक्सचं पहिलं. वाचून झालं की मला सांगायचं. मला कळलं तर दुसरं.

"तुम्हाला?"

"मला."

"आई, तुम्हाला कसं कळेल?"

"मग दुसरं पान मिळणार नाही."

ती हसली नाही, पण पान उघडलं. मी मटारच्या शेंगा घेऊन समोर बसले. ती सांगायची, मी सोलायचे आणि म्हणायचे, म्हणजे काय? पहिले दोन दिवस तिला वाटलं मी मुद्दाम छळतेय. "आई, हे तर साधं आहे!" "असेल गं, पण मला नाही कळलं." खरंच नाही कळायचं. फोन करायचा 'उद्या' मात्र रोज पुढे जायला लागला. आणि एक दिवस ती सरावाला एक छोटं काम करत होती, त्यात अडली. पडद्यावर जिथे नावं यायला हवीत तिथे नुसता रिकामा चौकोन. ती मला समजावत होती की आपण माहिती आणायला कुणाला तरी पाठवतो, पण हे साधन त्याची वाट बघत थांबत नाही, आपलं पुढचं काम करत राहतं. मी म्हटलं, म्हणजे काय, मी तुला दूध आणायला धाडलं आणि तू यायच्या आतच कप भरायला घेतले? सूनबाईने तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. मग "आई!" म्हणून ओरडली. (शेजारीण धावत आली. तिला वाटलं दुसरा खुबा.) चौकोन त्यामुळेच रिकामा राहत होता. पोरगी लॅपटॉपशी धावली ती माझ्या मांडीतल्या सगळ्या शेंगा जमिनीवर सांडून. मी त्या वेचल्या आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की एक तशीच कच्ची खाल्ली.

माझे खंडही वाया गेले नाहीत हो. ती छापलेलं जुनं आणि पडद्यावरचं नवं समोरासमोर ठेवायची आणि जे बदललं ते समासात पेन्सिलीने लिहायची. म्हणे त्यामुळेच तिला कळलं, कुठली गोष्ट वाऱ्यासारखी बदलते आणि कुठली मुळातली आहे. नव्या कोऱ्या पुस्तकात पेन्सिल! मी दुसरीकडे बघायचे.

एकदा जिन्यात घुम्याला मी ही आमची पद्धत जरा अभिमानानेच सांगितली. तो जन्मात पहिल्यांदा हसला. "काकू, आम्ही यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतो." म्हणजे? "काही अडलं की बदकाला सगळं समजावून सांगायचं. त्याला काही कळत नाही. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच सापडते." चिठ्ठी, वाचतेस ना? म्हणजे मी बदक! एवढी मोठी लायब्ररी सांभाळली, दोन वेळा उत्कृष्ट सेवेचा नारळ... (नारळ नव्हे, पेला होता), आणि शेवटी काय, तर बदक. दोन दिवस मी एकही शेंग सोलली नाही. मग वाटलं, त्या हिशेबाने सिस्टरही बदकच होत्या की. तेव्हा राग गेला.

परीक्षेच्या दिवशी सूनबाई इस्त्रीचे कपडे घालून गेली. घरात मी आणि शेंगा. संध्याकाळी आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मी शेंगा टाकून उठले. मग कळलं, हसतेय. झालं असं, की तिथे सगळे तिच्याहून लहान, समोर साहेबीणबाई आणि आणखी दोघं, आणि नेमकं मधेच काम अडलं. कुठे चुकलं सापडेना. सगळे हिच्याकडे बघताहेत. आणि त्या घाबरण्यात हिच्या नकळत समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत ही बोलायला लागली, "आई, हे बघा, आधी मी याला असं सांगितलं..." मोठ्याने! साहेबीणबाईंनी शांतपणे विचारलं, "मग? बाटली काय म्हणाली?" ही म्हणाली, "म्हणाली, म्हणजे काय?" आणि ते म्हणता म्हणताच हिला चूक दिसली. तरी एक गोष्ट आठवेना, तर सरळ सांगितलं, हे मला पाठ नाही पण कुठे आहे ते माहीत आहे, आणि त्यांच्यासमोर डॉक्सचं ते एक पान उघडलं. एकच.

आज सकाळी फोन आला. पुढच्या महिन्यापासून ये म्हणाल्या. आणि येताना बाटली घेऊन ये म्हणाल्या.

तर तुझ्या नातीसाठी पुस्तकं सुचवायची होती ना? नाही सुचवत. ज्या साधनाशी तिची गाठ पडलीय त्याची, ते बनवणाऱ्यांनीच लिहिलेली माहिती शोध म्हणावं, त्यातलं एक पान वाच म्हणावं, आणि आजीला येऊन सांग म्हणावं. आजीला काही कळत नसेल तर फारच उत्तम.

गुडघ्यांना जप. यजमानांना नमस्कार.

तुझीच,
डिंकी

ता. क. वर सगळं सूनबाईचं म्हणून लिहिलं, पण तुझ्यापासून काय लपवायचं! शेंगा सोलता सोलता मलाही थोडं थोडं यायला लागलंय. ती ऑफिसला गेली की दुपारी घर खायला उठेल, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम करायला घेतलाय. माझी कुठली पुस्तकं कुणी नेली आणि कधी परत करायला हवीत, ते त्याने सांगावं. तो चालतो, पण त्यात कुठेतरी घोळ आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझं भरतकामाचं पुस्तक तू नेण्याच्या आधीच परत केलं आहेस, आणि तुला ओळखणारं कुणी यावर विश्वास ठेवणार नाही.

आणखी ता. क. तेव्हा पत्रास खरं कारण असं, की मला एक बदक हवंय. सूनबाई दिवसभर ऑफिसात, चिरंजीव दुसऱ्यांच्या तोंडात, घुम्या बोलत नाही आणि भावजी थांबत नाहीत. मी रोज दुपारी चारला तुला फोन करीन आणि माझं काय अडलंय ते सांगीन. तू फक्त म्हणायचंस, म्हणजे काय? तुला जमेल. शाळेत गणिताच्या तासाला तू दुसरं काही म्हणत नव्हतीस.

शेवटचं. भावजी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे कामानिमित्त येताहेत, त्यांच्याबरोबर पार्सल देतेय. (त्यांना फ्यूजला हात लावू देऊ नकोस.) त्यातलं कुणाला काय ते नीट वाच. दुसरा खंड तुझ्या नातीला, त्यात सूनबाईने पेन्सिलीने लिहिलेलं आहे, तेच खरं वाचण्यासारखं. तिसरा खंड यजमानांना, टेबलाच्या पायाखाली घालायला. तो उंचीला बरोबर बसेल, मी चहा सांडला तेव्हाच मापून ठेवलं होतं. पहिला मी ठेवलाय. भावजींचा ठोकळा त्यांचा त्यांना परत, पण तो तुझ्या घरी विसरल्यासारखं करतील. करू देऊ नकोस. पिवळी बदकं दोन आहेत. एक तुझ्या नातीच्या टेबलावर ठेवायला. दुसरं तुझं. ते फोनशेजारी ठेव. चारची वेळ तुझ्या झोपेची, मला माहीत आहे. तुझा डोळा लागलाच, तर त्याआधी तेवढा रिसीव्हर त्याच्या कानाशी लाव आणि खुशाल झोप. गालाला काही चिकटलेलं नाही ना, एवढं बघ.